मणका सरकला, म्हणजे नेमके काय झाले?

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या मध्ये उंबरमाळी नावाचे छोटे स्थानक आहे. शहापूर तालुक्यातल्या या पट्ट्यात, आणि इकडे मुरबाडपर्यंत, माणसाची कंबर दुखायला लागली की त्याची वाट जवळपास ठरलेली असते. आधी गावातला किंवा शेजारच्या पाड्यावरचा हाडवैद. मग खर्डीचा नाहीतर शहापूरचा डॉक्टर. कुणी सुचवले तर एखादा वैद्य. पैसे जमले तर लोकल धरून कल्याण-ठाण्याला एमआरआय, आणि तिथून हाडांचा सर्जन किंवा फिजिओथेरपिस्ट. गेली काही वर्षे मी या वाटेवर बोलले जाणारे शब्द टिपून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. कोणताही विषय ग्रंथालयात बसून, विचारत विचारत शिकायचा, एवढीच माझी पद्धत. त्या टिपणांवरून एक गोष्ट डोळ्यांत भरली. या वाटेवरचे बहुतेक जण रोग्याला एकच वाक्य ऐकवतात, "मणका सरकलाय." आणि प्रत्येकाच्या मनातला त्याचा अर्थ निराळा असतो.

कुठली उपचारपद्धती खरी आणि कुठली खोटी, हा वाद मला इथे घालायचा नाही. मला तपासायची आहे ती व्याख्या. 'सरकला' म्हणणारा माणूस ते कशावरून म्हणतो? त्याचे म्हणणे चुकीचे असेल तर ते कशाने कळेल? आणि ते ऐकून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करणे सोडून देतो? ज्या घरात पाणी डोक्यावरून येते, सरपण डोक्यावरून येते आणि आषाढात चार महिन्यांच्या भाताची लावणी वाकून करावी लागते, तिथे या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार महाग पडते.

धरली, भरली, लचकली

'सरकला' हा शब्द पाठीच्या बाबतीत तसा अलीकडचा असावा, असे मला वाटते. वयस्क माणसांच्या बोलण्यात अजूनही दुसरी क्रियापदे येतात. कंबर धरली. पाठीत उसण भरली. चमक भरली. कंबर लचकली. पाठ अवघडली. यातले एकही क्रियापद हाडाबद्दल काही सांगत नाही. ते सांगते की काय होते आहे आणि कसे वाटते आहे. शिवाय प्रत्येकाच्या पोटात त्याचा शेवटही आहे. धरलेले सुटते, भरलेले उतरते, अवघडलेले मोकळे होते. उसण उतरवायला पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाला, पाठीवरून पाय फिरवायला बोलावत. पायाच्या त्या स्पर्शाने आत काय घडत असेल ते असो; पण त्या उपायामागे 'हे दोन-चार दिवसांचे आहे, उतरणार आहे' अशी समजूत होती. सध्याचे वैद्यकशास्त्रही साध्या कंबरदुखीच्या बहुतेक रोग्यांना हेच सांगते.

गंमत अशी की 'कंबर धरली' हे आयुर्वेदाच्या शब्दाचे जसेच्या तसे मराठी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या विसाव्या अध्यायात वाताच्या 80 विकारांची यादी येते. तिच्यात त्रिकग्रह आणि पृष्ठग्रह आहेत. ग्रह म्हणजे धरणे, पकडणे. म्हणजे चरकाच्या दृष्टीने दुखणारी पाठ ही पकडली गेलेली, आखडलेली पाठ आहे. याच यादीत जानुविश्लेष, म्हणजे गुडघ्याचा सांधा सैल पडणे, हेही आहे. सैल पडण्याची कल्पना त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. पाठीसाठी त्यांनी मुख्यतः ग्रह हा शब्द निवडला.

जागा सोडण्याचा विचार सुश्रुताकडे आहे, आणि तो फार काटेकोर आहे. निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात त्याने सांधा निखळण्याचे सहा प्रकार केले: उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त आणि तिर्यक्क्षिप्त. नुसते 'निखळला' म्हणून तो थांबत नाही. सांधा सैल झाला, फिरला, खाली गेला, दूर गेला की तिरका गेला, ते तो सांगायला लावतो. कारण चिकित्सास्थानातला उपाय दिशेवर अवलंबून आहे. दबलेले वर उचलायचे, वर आलेले दाबायचे, दूर गेलेले ताणून आणायचे. मांडीचे वा पोटरीचे हाड मोडल्यास रोग्याला फळीवर निजवून खुंट्यांनी बांधून ठेवायचे जे कपाटशयन त्याने सांगितले, तेच पाठीच्या कण्यालाही लावायला सांगितले आहे. मात्र हे सगळे पडणे, आदळणे, चेंगरणे अशा आघातांच्या प्रकरणात येते. भातलावणीनंतर कंबर धरलेल्या बाईला सुश्रुत फळीला बांधत नाही. आघाताची पाठ आणि कष्टाची पाठ त्याने वेगळ्या प्रकरणांत ठेवल्या. आज आपण दोघींनाही 'सरकली' म्हणतो.

'सरकणे' कुठून आले

बेंबी सरकते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. पोट बिघडले की बेंबी सरकली म्हणायचे आणि चोळून ती जागेवर आणायची. त्यामुळे शरीरात काहीतरी जागचे हलते आणि जाणत्या हाताने ते परत बसवता येते, हा साचा भाषेत तयारच होता. त्या साच्यात मणका आला तो दोन दारांनी.

पहिले दार स्पॉन्डिलोलिस्थेसिसचे. एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरणे, असा या ग्रीक शब्दाचा अर्थ. हा प्रकार कंबरदुखीच्या रोग्यात आधी सापडला नाही. 1782 मध्ये हर्बिनिओ या बेल्जियन प्रसूतितज्ज्ञाच्या लक्षात आले की काही स्त्रियांत माकडहाडाच्या वरच्या बाजूला पुढे आलेला हाडाचा उंचवटा बाळाची वाट अडवतो. 1854 मध्ये किलियनने त्याला हे नाव दिले. 1932 मध्ये मायरडिंगने मोजमाप दिले: खालच्या मणक्याच्या वरच्या पृष्ठाचे चार भाग करायचे आणि वरचा मणका किती भाग पुढे गेला ते पाहायचे. एक चतुर्थांशापर्यंत पहिला दर्जा, अर्ध्यापर्यंत दुसरा, असे पुढे. हे खरे सरकणे. ते एक्स-रेत दिसते आणि पट्टीने मोजता येते. पहिल्या दर्जाचे सरकणे पुष्कळांना असते आणि त्यातल्या अनेकांना त्याचा काही त्रासही नसतो, हेही तितकेच खरे.

दुसरे दार 'स्लिप डिस्क'चे. 1934 मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या सर्जनांनी दाखवून दिले की दोन मणक्यांमधल्या गादीचा आतला मऊ भाग बाहेर येऊन नस दाबू शकतो. लोकांच्या तोंडी 'स्लिप डिस्क' हे नाव रुळले आणि मराठीत 'गादी सरकली' झाले. वास्तविक गादी सरकत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिचे बाहेरचे कडे फाटते, आतला गर बाहेर येतो. बाहेर आलेला हा गर पुष्कळ रोग्यांत काही महिन्यांत आपोआप विरघळून कमी होतो. 'सरकली' म्हटले की ती ढकलून आत बसवता येईल असे वाटते. 'फाटून गर आला' म्हटले की ते भरून येईल असे वाटते. शब्द बदलला की रोगी कुणाकडे जाणार तेही बदलते.

तिसरा शब्द तर उलटाच आहे. "मणक्यात गॅप आलाय" हे वाक्य आता पाड्यापाड्यांवर पोचले आहे. ज्या एक्स-रेवरून ते सांगितले जाते त्याच्या अहवालात बहुधा असते की दोन मणक्यांमधली जागा कमी झाली आहे. म्हणजे फट वाढलेली नाही, घटलेली आहे. पण 'गॅप' ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुभंगलेला कणा उभा राहतो, आणि अशा कण्यावर कुणी हंडा चढवत नाही.

हाताची व्याख्या

हाडवैदाची व्याख्या त्याच्या अंगठ्यात असते. तो पाठीवरून अंगठा फिरवतो, जिथे रोगी कण्हतो किंवा काही उंच-सखल लागते तिथे थांबतो, आणि म्हणतो, इथे सरकलाय. मनगट, खांदा, कोपर यांच्या निखळण्यात या हातांनी पिढ्यान्पिढ्या लोकांचे काम चालवले आहे. तिथे सांधा वरून कळतो आणि बसला की नाही तेही लगेच समजते. पाठीत मात्र अंगठ्याला लागतात ती मणक्यांची मागे आलेली टोके, आणि ही टोके जन्मतःच थोडीफार वाकडी असू शकतात.

याच हाताच्या परंपरेची दोन परदेशी भावंडे आहेत. अँड्र्यू टेलर स्टिल याने 1874 मध्ये अमेरिकेत ऑस्टिओपथीचा विचार मांडला. त्याचे वारस पुढे 'सरकलेले हाड' या कल्पनेपासून दूर गेले. आज ते दुखरेपणा, दोन बाजूंतला फरक, कमी झालेली हालचाल आणि स्नायूंच्या पोतातला बदल अशा चार खुणा पाहतात आणि त्याला सांध्याच्या कामातला बिघाड म्हणतात. दुसरे भावंड कायरोप्रॅक्टिक. 18 सप्टेंबर 1895 रोजी डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामरने एका बहिऱ्या माणसाचा मणका 'बसवला' आणि त्याला ऐकू येऊ लागले, ही या पंथाची जन्मकथा. पामरच्या मते मणक्याचे किंचित जागा सोडणे, ज्याला तो सब्लक्सेशन म्हणे, हे बहुतेक सर्व रोगांचे मूळ. त्याच वर्षी नोव्हेंबरात राँटगेनने क्ष-किरण शोधले. कायरोप्रॅक्टरांनीही पुढे ते वापरले, पण बोटाला लागणारे सब्लक्सेशन चित्रात नेमाने दिसेना. मग व्याख्या सरकली. आधी ते हाडाच्या जागेबद्दल होते, पुढे हालचालीबद्दल झाले, मग नसांच्या कामाबद्दल. 2010 मध्ये ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक काउन्सिलने, म्हणजे त्यांच्याच नियामक संस्थेने, जाहीर केले की ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि ती रोगांचे कारण असल्याचा दावा करता येईल असा संशोधनाचा आधार तिला नाही.

हाताच्या व्याख्येची अडचण एका चाचणीत उघडी पडते. एकाच रोग्याची पाठ दोन जाणकारांना वेगवेगळी तपासायला दिली तर 'कुठला मणका' यावर त्यांचे फारसे एकमत होत नाही. असे प्रयोग अनेकदा झाले आहेत. आणि 'कट्' असा जो आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटे मोडताना एमआरआय काढून दाखवले की सांधा झटक्याने ताणला जाताना त्यातल्या द्रवात पोकळी तयार होते, तिच्याशी तो आवाज जोडलेला आहे. आवाजानंतर मोकळे वाटते, ते खोटे नाही. आखडलेले सुटते. पण मग घडले ते 'धरलेले सुटले' हे; 'सरकलेले बसले' हे नव्हे. हाडवैदाचा हात जे करतो त्याला जुना शब्द जास्त चपखल बसतो.

यंत्राची व्याख्या आणि डोक्यावरचा हंडा

आता सर्जन आणि अभियंते यांच्याकडे वळू. त्यांचा शब्द 'अस्थिरता'. ऑगस्टस व्हाइट आणि मनोहर पंजाबी यांच्या 1978 च्या ग्रंथातली व्याख्या आजही पायाभूत मानतात. ती थोडक्यात अशी: रोजचा नेहमीचा भार पेलताना मज्जारज्जूला वा नसांना इजा होणार नाही, आणि अपंग करणारे व्यंग किंवा वेदना उद्भवणार नाहीत, अशा रीतीने मणक्यांचे परस्परांशी असलेले नाते टिकवण्याची क्षमता कण्याने गमावणे. या व्याख्येत 'जागा' हा शब्द नाही, हे लक्षात घ्यावे. क्षमता आहे, भार आहे, नाते आहे. 1992 मध्ये पंजाबींनी ती आणखी पुढे नेली. कण्याला तीन यंत्रणा सांभाळतात: हाडे-गाद्या-अस्थिबंध, स्नायू, आणि त्या स्नायूंना हुकूम देणारी चेतासंस्था. पहिली ढिली पडली तर उरलेल्या दोन तिची उणीव भरून काढू शकतात.

हे समजायला आपल्याकडे एक उदाहरण रोज रस्त्यावर दिसते. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन चढाची वाट चढणारी बाई पाहा. कळशी हंड्याला चिकटवलेली नसते. मानेचे, खांद्यांचे, कंबरेचे स्नायू क्षणाक्षणाला सावरत असतात म्हणून ती टिकते. कळशी जरा कललेली असली तरी बाई सराईत असेल तर पाणी सांडत नाही. उलट तिन्ही भांडी अगदी ओळंब्यात असतील आणि पाय घसरला, तर सगळे खाली. सरळ असणे वेगळे आणि स्थिर असणे वेगळे. मणका सरकूनही कणा स्थिर असू शकतो. मणका जागच्या जागी असूनही कणा अस्थिर असू शकतो. या लेखात मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. 'सरकला' हा एकच शब्द या दोन्ही गोष्टी झाकून टाकतो.

यंत्राची व्याख्याही निर्दोष नाही. ती क्षमतेबद्दल बोलते, पण दवाखान्यात मोजते ती जागाच. वाकून आणि मागे झुकून एक्स-रे काढतात आणि मणका किती मिलिमीटर हलला ते पाहतात. अस्थिर म्हणायची सीमा कुणी 3 मिलिमीटर धरतो, कुणी 4, कुणी साडेचार. म्हणजे एकच पाठ एका पुस्तकाप्रमाणे स्थिर आणि दुसऱ्याप्रमाणे अस्थिर. आणि स्नायूंची, चेतासंस्थेची कामगिरी त्या चित्रात येतच नाही. ती पाहायला फिजिओथेरपिस्ट रोग्याला उठायला, वाकायला, एका पायावर उभे राहायला सांगतो. त्याची 'अस्थिरता' पुन्हा तिसरीच. ती सर्जनच्या एक्स-रेत दिसेलच असे नाही.

कर्कल्डी-विलिस आणि फारफान यांनी 1982 मध्ये मांडलेला क्रम या गोंधळात मला उपयोगी वाटतो. झिजणाऱ्या कण्याच्या त्यांनी तीन अवस्था सांगितल्या: आधी कामात बिघाड, मग ढिलेपणा, आणि शेवटी पुन्हा घट्ट होणे. शेवटच्या अवस्थेत मणक्यांच्या कडांना हाड वाढते. "हाड वाढलंय" म्हणून जे ऐकून माणूस हादरतो, ते पुष्कळदा शरीराने स्वतःच घातलेले टेकू असतात.

चित्रात दिसते ते आणि दुखते ते

एमआरआयच्या अहवालाला आपल्याकडे कोर्टाच्या निकालाची प्रतिष्ठा आहे. म्हणून दोन अभ्यास नोंदवतो. 1994 मध्ये अमेरिकेत जेन्सन आणि सहकाऱ्यांनी पाठ न दुखणाऱ्या 98 माणसांचे एमआरआय काढले. त्यांपैकी 52 टक्क्यांच्या किमान एका गादीला फुगवटा होता आणि 27 टक्क्यांची गादी बाहेर आलेली होती. 2015 मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी 33 अभ्यासांतल्या 3110 निरोगी माणसांची माहिती एकत्र केली. गादीची झीज विशीत 37 टक्क्यांना दिसली, ऐंशीत 96 टक्क्यांना. फुगवटा विशीत 30 टक्के, ऐंशीत 84 टक्के. यांच्यापैकी कुणाचीच पाठ दुखत नव्हती. केस पिकतात तशी गादी पिकते. पिकलेले केस पाहून डोकेदुखीचे निदान कुणी करत नाही.

चित्र निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. पायात उतरणारी कळ, बधिर झालेली जागा, कमी झालेला जोर आणि चित्रातली दबलेली नस या चारींचा मेळ बसला तर चित्र अमोल आहे. मेळ न घालता वाचलेला अहवाल मात्र रोग्याच्या हाती भीतीचा कागद देतो. 1995 मध्ये हेलसिंकीत नव्याने कंबर धरलेल्या नगरपालिका कर्मचाऱ्यांचे तीन गट केले गेले: दोन दिवस अंथरुणात विश्रांती, पाठीचे व्यायाम, आणि झेपेल तितके नेहमीचे काम. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. 'मणका सरकलाय, उठू नका' हा सल्ला ज्या घराला सर्वांत महाग पडतो त्याच घराला तो बहुधा सर्वांत कमी गरजेचा असतो.

जिथे खरोखर कोसळते

पण उलट बाजूची चूक याहून भयंकर आहे. काही पाठी खरोखरच कोसळत असतात, आणि त्या बऱ्याचदा 'सरकलाय, बसवून टाकू' या वाक्याखाली लपतात. त्यांत पहिला मणक्याचा क्षय. पर्सिव्हल पॉटने 1779 मध्ये त्याचे वर्णन केले. पाय लुळे पडणे आणि पाठीवर कुबड येणे या जोडीवर त्याने बोट ठेवले. क्षयाने पोखरलेल्या मणक्याला झटका देणे म्हणजे वाळवी लागलेल्या खांबाला धक्का देणे. आणि याच रोगात औषधाची ताकद फार मोठी आहे. वाराणसीच्या डॉ. तुली यांनी 1975 मध्ये मांडलेल्या 'मध्यम मार्गा'ने जगाला दाखवले की बहुसंख्य रोगी औषधांनी बरे होतात, शस्त्रक्रिया निवडक रोग्यांनाच लागते. ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ज्या तालुक्यात कुपोषण अजून सरलेले नाही तिथे महिन्यांमागून महिने न थांबणारी, रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरणारे वजन एकत्र दिसले तर अंगठा नव्हे, तपासणी हवी.

दुसरी पाठ झाडावरून किंवा छपरावरून पडलेल्याची. तिला सुश्रुताचाच नियम: आधी फळीवर निजवा, हलवू नका. तिसरी, लघवी अडणे, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणे, दोन्ही पायांतला जोर जाणे. इथे तासांना किंमत असते. या तिन्ही ठिकाणी धोका खरा आहे, आणि तिन्ही ठिकाणी मणका बाहेरून अगदी जागेवर लागू शकतो.

व्याख्येला विचारायचे प्रश्न

समीक्षक या नात्याने मी कुठल्याही व्याख्येला तीन प्रश्न विचारतो. ही व्याख्या जागेबद्दल बोलते की क्षमतेबद्दल? दुसऱ्या जाणकाराने तपासले तर हाच मणका, हीच बाजू निघेल का? आणि ती खरी मानली तर रोग्याने उद्या काय करायचे, काय टाळायचे, किती दिवस? हाडवैदाची व्याख्या दुसऱ्या प्रश्नावर अडखळते, सर्जनची पहिल्यावर, आणि तिसऱ्याचे उत्तर द्यायला बहुतेकांना वेळ नसतो. सुश्रुत मात्र दिशा विचारतो, आघात विचारतो, आणि फळीवर किती काळ तेही ठरवतो. त्याचे शरीरज्ञान आज अपुरे ठरेल, त्याची शिस्त ठरणार नाही.

मराठीत या भेदांसाठी शब्द नाहीत असे कुणी म्हणू नये. मोजून दाखवता येणाऱ्या घसरणीला 'सरकला' म्हणावे. गादीला 'फाटली' किंवा 'फुगली' म्हणावे. भार पेलण्याची ताकद गेलेल्या कण्याला 'ढिला' म्हणावे, आघाताने सुटलेल्या सांध्याला 'निखळला'. आणि लावणीच्या चिखलातून उठताना जी पाठ ताठ होईना, तिला आजीने म्हटले होते तेच म्हणावे: धरली आहे, सुटेल. हे पाच शब्द खर्डीच्या डॉक्टराने, शहापूरच्या वैद्याने आणि पाड्यावरच्या हाडवैदाने एकाच अर्थाने वापरले तर त्यांच्या पद्धती एक होणार नाहीत. एकाने काय पाहिले ते दुसऱ्याला निदान समजेल, आणि ज्या बाईची पाठ आहे तिला उद्या हंडा उचलायचा की नाही ते कळेल.